यंत्र बदलते तेव्हा वहिवाटीचे काय होते?

आमचा व्यवसाय कामगार संघटनेचा. मागण्यांचे अर्ज लिहिणे, वाटाघाटींना बसणे आणि झालेला करार पाळला जातो की नाही यावर डोळा ठेवणे, यांतच आमची तीस वर्षे गेली. शाळा आमच्या वाट्याला फार आली नाही. जे काही शिकलो ते वाचनालयातील पुस्तके चाळून आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून विचारून. अशा माणसाने संगणकाच्या पडद्यावर अक्षरे कशी उमटतात आणि एका प्रणालीवरची ही व्यवस्था दुसऱ्या प्रणालीवर कशी नेतात, या विषयावर बोलावे हे श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो एका नोटिशीबरोबर आमच्या दारी आला.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत आमच्या संघटनेच्या सभासद असलेल्या एक बाई रोखपालाच्या खिडकीवर काम करीत. तेथे डॉस प्रणालीवर चालणारे संगणक होते. पडद्यावर चित्रे नाहीत, माउस नाही; निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, रेघांच्या चौकटी आणि सारे काम कळफलकावर. बाईंचा हात इतका बसला होता की समोरच्या सभासदाशी बोलता बोलता, पडद्याकडे न पाहता, त्या पावती पुरी करीत. पुढे संस्थेने यंत्रे बदलली आणि डॉसच्या जागी लिनक्स ही प्रणाली आली. आज्ञावली, म्हणजे ज्याला प्रोग्राम म्हणतात ती, मात्र तीच ठेवली. पडदाही दिसायला तसाच होता. महिनाभरात बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. आरोप दोन होते : काम मंदावले आहे, आणि अर्धवट भरलेल्या पावत्या वारंवार पुसल्या जात आहेत.

बाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या म्हणाल्या, “भाऊ, मी काही वेगळं करत नाही हो. हात तोच आहे. एस्केप दाबते, तर चौकट बंदच होत नाही. म्हणून पुन्हा दाबते, तर एकाच्या जागी दोन चौकटी बंद होतात आणि पावती जाते.”

या दोन-तीन वाक्यांत आजचा सारा विषय आलेला आहे. तो उलगडायचा तर थोडे मागे गेले पाहिजे.

प्रथम ‘प्रणाली’ आणि ‘लायब्ररी’ हे दोन शब्द समजून घेऊ. प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ही यंत्राची कारभारीण होय. कोणती कळ दाबली गेली, पडद्यावर काय लिहायचे, कागदपत्रे कोठे ठेवायची, हे सारे तिच्या हातून होते. युनिक्स, लिनक्स, डॉस, विंडोज ही अशा निरनिराळ्या कारभारणींची नावे. लायब्ररी या शब्दाने मात्र पुस्तकांचे वाचनालय डोळ्यांपुढे आणू नये. प्रत्येक आज्ञावलीला काही कामे पुनःपुन्हा लागतात : अमुक ओळीवर जा, येथे चौकट काढ, हा मजकूर ठळक कर, कोणती कळ दाबली ते सांग. ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहिण्याऐवजी कोणी एकदा नीट लिहून ठेवतो आणि इतर त्याच्याकडून ती करून घेतात. या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. तीच आज्ञावली दुसऱ्या प्रणालीवर चालेल अशी तजवीज करणे याला पोर्ट करणे असे नाव आहे. लायब्ररी पोर्ट झाली की तिच्यावर विसंबणाऱ्या आज्ञावल्यांचे निम्मे स्थलांतर पार पडते. उरलेले निम्मे का अवघड असते, हेच आज सांगावयाचे आहे.

संगणकाला आरंभी पडदा नव्हता. टंकयंत्रासारखे एक यंत्र, म्हणजे टेलिटाइप, तारेने त्याला जोडलेले असे. १९६३ साली निघालेले टेलिटाइपचे ३३ क्रमांकाचे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापी. त्यात एक आज्ञा मुद्रणाचा भाग ओळीच्या आरंभी आणण्याची, आणि दुसरी कागद एक ओळ वर सरकवण्याची होती. नवी ओळ हवी तर दोन्ही द्याव्या लागत. टेलिटाइप गेले, पण ही जोडी राहिली. युनिक्सने ओळीच्या शेवटी एकच खूण पुरे मानली, डॉसने दोन्ही ठेवल्या. एका प्रणालीवरचा साधा मजकूर दुसरीकडे नेला की सगळ्या ओळी चिकटलेल्या दिसतात किंवा प्रत्येक ओळीच्या शेवटी एक विचित्र चिन्ह दिसते, त्याचे मूळ या जुन्या यंत्रात आहे. यंत्र गेले तरी वहिवाट उरते, याचा हा पहिला दाखला.

पुढे कागदाच्या जागी काचेचा पडदा आला आणि त्याबरोबर नवी सोय आली. कागदावर मागे जाऊन खोडता येत नाही. पडद्यावर मात्र कोणत्याही ओळीत, कोणत्याही घरात जाऊन अक्षर लिहिता येते. पण तेथे जा हे सांगायचे कसे? तारेतून तर फक्त अक्षरे जातात. म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. एस्केप नावाचे एक न दिसणारे अक्षर, ज्याचा आकडा २७, ते आधी पाठवायचे. त्याचा अर्थ असा की यापुढची काही अक्षरे छापू नका, ती आज्ञा समजा.

युक्ती चांगली, पण प्रत्येक कारखान्याने आपली आज्ञा निराळी ठरवली. १९७६ साली निघालेल्या एडीएम-३ए या टर्मिनलला एखाद्या घरात न्यायचे तर एस्केप, मग बरोबरीचे चिन्ह, आणि मग शून्यापासून मोजलेल्या ओळीच्या व स्तंभाच्या आकड्यांत ३२ मिळवून येणारी दोन अक्षरे पाठवावी लागत. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने काढलेल्या व्हीटी-१०० ला तीच गोष्ट सांगायची तर एस्केप, चौकटी कंस, ओळीचा आकडा, अर्धविराम, स्तंभाचा आकडा आणि शेवटी एच हे अक्षर. एकाची आज्ञा दुसऱ्याला पाठवली की पडद्यावर कचरा. तेव्हा ज्याला आज्ञावली लिहायची त्याने एकाच कारखान्याच्या टर्मिनलला बांधून घ्यावे, नाहीतर प्रत्येकासाठी निराळी लिहावी, अशी अवस्था झाली.

यातून वाट काढली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तरुणांनी. बिल जॉय याने तेथे व्हीआय नावाचा संपादक लिहिला, म्हणजे पडद्यावर मजकूर दुरुस्त करण्याची आज्ञावली. तो ज्या एडीएम-३ए वर काम करी त्याच्या एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जाण्यासाठी याच चार कळा ठरल्या. ते टर्मिनल आज संग्रहालयातच पाहावयाचे. पण जगभरचे लोक अद्यापि त्याच कळा दाबतात. हातांची वहिवाट किती चिवट असते हे यावरून दिसेल.

बिल जॉयने दुसरे मोठे काम केले ते टर्मकॅपचे. त्याने एक साधी लिखित नोंदवही केली आणि तीत प्रत्येक टर्मिनलची माहिती ठरावीक पद्धतीने लिहिली : याचे स्तंभ ८०, ओळी २४, पडदा पुसण्याची आज्ञा ही, घर बदलण्याची आज्ञा ती, वरच्या बाणाची कळ दाबली की हे येते. आज्ञावलीने आता कारखान्याचे नाव मनात धरायचे नाही, तर वही उघडून वाचायची. नवे टर्मिनल आले की आज्ञावलीला हात न लावता वहीत चार ओळी वाढवल्या की झाले. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला आमच्या धंद्यातली गोष्ट आठवली. प्रत्येक गिरणीत तोंडी रिवाज निराळा असतो तोवर मजूर त्या त्या मालकाच्या मर्जीवर असतो. ते रिवाज कागदावर येतात तेव्हा तो एका जागेहून दुसऱ्या जागी ताठ मानेने जाऊ शकतो. पुढे बेल लॅबोरेटरीजमध्ये मेरी ॲन हॉर्टन यांनी या वहीची अधिक पक्की आवृत्ती, टर्मइन्फो, तयार केली.

मग बर्कलीतच केन अर्नोल्ड याने १९८० च्या सुमारास कर्सेस ही लायब्ररी लिहिली. पडद्यावर जागा दाखवणाऱ्या खुणेला कर्सर म्हणतात, त्यावरून हे नाव. इंग्रजीत त्याचा अर्थ शिव्याशाप असाही होतो, आणि ही लायब्ररी पोर्ट करू पाहणाऱ्यांना तो अर्थ जवळचा वाटत असावा! रोग नावाच्या भुयारातल्या खेळाने ती पुष्कळांच्या परिचयाची झाली.

कर्सेसची मुख्य युक्ती समजण्यास सोपी आहे. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून ३०० बॉडच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० अक्षरे, काम चाले. ८० स्तंभ आणि २४ ओळी यांचा पडदा १९२० घरांचा. तो सगळा पुन्हा लिहायचा तर ६४ सेकंद लागत. एक अक्षर बदलायला मिनिटभर कोण थांबणार? म्हणून कर्सेस दोन प्रती ठेवते : पडद्यावर आता काय आहे ही एक, आणि काय असायला हवे ही दुसरी. आज्ञावली दुसऱ्या प्रतीत हवे तसे फेरफार करते. मग ‘ताजे कर’ अशी आज्ञा मिळाली की कर्सेस दोन्ही प्रती घरागणिक ताडून पाहते आणि जेवढा फरक तेवढाच तारेतून पाठवते. घरची बाई महिन्याच्या वाणसामानाची यादी करताना डब्यांत काय आहे ते पाहून उणे तेवढेच मागवते, तसाच हा प्रकार आहे.

इतके झाल्यावर आज्ञावली लिहिणाऱ्याला वाटले, आपण सुटलो. आपण कर्सेसशी बोलू, कर्सेस यंत्राशी बोलेल. आणि युनिक्सच्या जगात हे बरेचसे खरे होते. अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या युनिक्समधील कर्सेस त्या कंपनीच्या मालकीची होती. म्हणून पावेल कर्टिस याने १९८२ मध्ये तिची मुक्त नक्कल सुरू केली. तीवरून १९९३ मध्ये एनकर्सेस निघाली. झेयद बेन-हलीम, एरिक रेमंड आणि त्यानंतर वर्षानुवर्षे थॉमस डिकी यांनी ती सांभाळली. लिनक्सवर आज चालते ती हीच.

पण याच काळात दुसऱ्या मुलखात निराळे राज्य उभे राहिले होते. १९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला, आणि त्याबरोबर डॉस. येथे तार नव्हती आणि टर्मिनलही नव्हते. पडदा यंत्रालाच जोडलेला होता. पडद्यावरील प्रत्येक घरासाठी स्मृतीत दोन बाइट राखलेले असत, एक अक्षराचा, एक रंगाचा. ८० गुणिले २५ म्हणजे २००० घरे, ४००० बाइट. त्या जागी आकडा टाकला की पडद्यावर अक्षर तत्क्षणी उमटे. एस्केपच्या लांबलचक आज्ञा नकोत, वही नको, थांबणे नको. बाईंची आज्ञावली याच मुलखात जन्मली होती.

आता ती तेथून लिनक्सच्या मुलखात न्यायची. आज्ञावली करणाऱ्याने जुन्या लायब्ररीतील प्रत्येक कामाला एनकर्सेसमधील जोडीदार शोधला. चौकट काढ, ओळीवर जा, कळ वाच. यादीतली सारी कामे जुळली. कागदावर स्थलांतर पुरे झाले. बिघडले ते यादीबाहेरचे. असे तीन प्रकार आम्ही सांगतो.

पहिला रंगांचा. आयबीएमच्या यंत्रात १ हा आकडा निळ्याचा आणि ४ तांबड्याचा. टर्मिनलांच्या जगात १ तांबड्याचा आणि ४ निळ्याचा. आकडे जसेच्या तसे नेले तर थकबाकीदाराचे नाव तांबड्याऐवजी निळे दिसू लागते. कोणी चूक केलेली नसते. दोन घरांच्या रीती उलट असतात एवढेच.

दुसरा रेघांचा. आयबीएमच्या अक्षरतक्त्यात चौकटीच्या रेघा आणि कोपरे ही स्वतंत्र अक्षरे होती. १७९ म्हणजे उभी रेघ. व्हीटी-१०० मध्ये रेघांसाठी निराळा संच उघडावा लागे. तो उघडला म्हणजे क्यू हे अक्षर आडवी रेघ आणि एक्स हे अक्षर उभी रेघ होई. संच उघडायचा राहिला तर चौकटीच्या जागी क्यू आणि एक्स यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. पुष्कळ कचेऱ्यांतील लोकांनी असा पडदा पाहिला असेल आणि यंत्राला वेड लागले असे मानले असेल.

तिसरा प्रकार कळांचा, आणि बाईंचे गाऱ्हाणे येथेच होते. डॉसमध्ये प्रत्येक कळेला स्वतःचा क्रमांक असे. वरचा बाण दाबला तर ७२, एस्केप दाबली तर १. घोटाळ्याला वावच नाही. टर्मिनलच्या जगात मात्र कळफलकाकडूनही अक्षरेच येतात. वरचा बाण दाबला की तीन अक्षरे येतात : एस्केप, चौकटी कंस आणि ए. आता पाहा. लायब्ररीला एस्केप हे अक्षर मिळाले. ही माणसाने दाबलेली एस्केप कळ आहे, की बाणाच्या तीन अक्षरांपैकी पहिले? ते त्या क्षणी कळण्याचा काहीच उपाय नाही. एकच मार्ग : थोडे थांबायचे. पाठोपाठ कंस आला तर बाण. काही आले नाही तर एस्केप. किती थांबायचे? तारा संथ असत, अक्षरे अडखळत येत, म्हणून एनकर्सेसने मुळात मुदत ठेवली ती १००० सहस्रांशांची, म्हणजे पूर्ण एका सेकंदाची.

बाई एस्केप दाबत, आणि लायब्ररी सेकंदभर वाट पाहत बसे. चौकट बंद झाली नाही असे पाहून बाई पुन्हा एस्केप दाबत. दुसरी एस्केप येताच लायब्ररी ओळखे की पहिली बाणाची नव्हती. ती पहिली एस्केप पुढे पाठवी आणि चौकट बंद होई. मग दुसरीची मुदत सुरू होई. सेकंदाने तीही पोचे आणि मागची पावतीची चौकट, अर्धवट भरलेल्या रकमांसह, बंद होई. बाई सांगत होत्या ते अक्षरशः खरे होते. एका पावतीला तीनदा एस्केप आणि दिवसाला दोनशे पावत्या धरल्या तर सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटे, नुसत्या थांबण्यात जात. पुसलेल्या पावत्या पुन्हा करण्याचा वेळ आणि रांगेतल्या लोकांची बोलणी निराळीच.

हे आम्हांला एका दिवसात उमगले असे नाही. आमच्या एका सभासदाचा मुलगा संगणकाचे शिक्षण घेत होता. त्याला आम्ही बाईंच्या शेजारी बसवले. त्याने दुपारभर पाहिले आणि म्हणाला, “काका, बाईंचा हात नाही चुकत. मशीन विचार करतंय, आणि ते विचार करतंय हे दिसत नाही.” त्याच्या मदतीने आम्ही माहितीची पाने वाचली; शब्दकोश उशाशी घेऊन वाचली. आणि मग घड्याळ घेऊन व्यवस्थापकांसमोर बसलो. बरोबर आज्ञावली करणाऱ्या गृहस्थांनाही बोलावले होते. त्यांनी ते लगेच मान्य केले. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर त्यांनी एस्केप शेकडो वेळा दाबली होती, पण रांग समोर ठेवून कधी दाबली नव्हती. मुदत १००० वरून २५ सहस्रांशांवर आणण्यास एक ओळ पुरली. नोटीस मागे घेतली गेली.

येथे आमची स्वतःचीही चूक कबूल केली पाहिजे. यंत्रे बदलण्यापूर्वी संस्थेने आमच्याशी करार केला होता. नोकरकपात होणार नाही, प्रशिक्षण कामाच्या वेळात मिळेल, ही कलमे आम्ही भांडून घातली होती. संगणकाबाबतची ही सावधगिरी आमच्या चळवळीत जुनी आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ सालीच बँकांच्या संघाशी यांत्रिकीकरणाचा करार केला होता. पण कळ कशी वागावी याचे कलम कोणाच्या करारात असणार? आणि आम्हांला तर ते सुचायला हवे होते. कारण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. त्याच्या चौथ्या परिशिष्टातील बाबींत बदल करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी असे ते सांगे, आणि त्या बाबींत नुसते वेतन आणि कामाचे तास नव्हते. वहिवाटीतील बदल हीदेखील एक बाब होती. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की माणसाचे काम लिहिलेल्या अटींवर जितके चालते तितकेच न लिहिलेल्या रिवाजावरही चालते.

लायब्ररी ही याच जातीची वस्तू आहे. तिच्यातील कामांची यादी हा लिखित करार. १९९६ साली एक्स-ओपन या संस्थेने कर्सेसचे प्रमाण ठरवले तेव्हा हा करार अधिक रेखीव झाला. परंतु कळ दाबल्यावर किती क्षणांत उत्तर मिळेल, कोणता आकडा कोणता रंग, पडद्याचा आकार बदलला तर कोण कोणाला सांगेल, ही वहिवाट आहे. वापरणाऱ्याची बोटे तीच वहिवाट शिकलेली असतात.

उलट दिशेचे स्थलांतरही असेच कष्टाचे आहे. युनिक्सवरची कर्सेस डॉस, ओएस-टू आणि विंडोजवर नेण्याचे काम पीडीकर्सेस या लायब्ररीने केले. मार्क हेस्लिंग आणि पुढे विल्यम मॅकब्राइन यांनी ती जोपासली आणि कोणाचीही मालकी न ठेवता सर्वांना खुली केली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. सर्वत्र सारखा चालणारा मोठा भाग एकीकडे ठेवला आहे, आणि प्रत्येक प्रणालीसाठी एक लहानसे दालन वेगळे केले आहे : पडद्यावर लिहिणे, कळ वाचणे, पडदा उघडणे आणि मिटणे, अशी मोजकीच कामे त्यात. नवी प्रणाली आली की तेवढे दालन नव्याने बांधायचे. विंडोजच्या कन्सोलमध्ये कळ दाबल्याची आणि सोडल्याची स्वतंत्र वर्दी मिळते; तेथे एस्केपचा संशय नाही. पण कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबणे म्हणजे युनिक्सवर चालू काम तात्पुरते थांबवणे, आणि डॉस-विंडोजवर मजकूर संपला ही खूण. एकच खूण, दोन अर्थ.

गमतीची गोष्ट अशी की अखेरीस विंडोजनेही जुन्या टर्मिनलांची भाषा पत्करली. विंडोज १० च्या कन्सोलला व्हीटी-१०० च्या घराण्यातील एस्केप आज्ञा समजू लागल्या, आणि २०१८ मध्ये टर्मिनलसारखे बोलणारे आभासी कन्सोल त्यात आले. व्हीटी-१०० कोणी बनवत नाही, पण त्याची बोली सगळे बोलतात.

आता आपल्या घरचा प्रश्न. या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी एक समजूत आहे : एक अक्षर, एक घर. इंग्रजीला ती चालते. मराठीला चालत नाही. भारतीय लिपींसाठी १९९१ साली मान्य झालेल्या इस्की या प्रमाणात १७९ हा आकडा क या अक्षराचा. आयबीएमच्या तक्त्यात तोच उभ्या रेघेचा. म्हणजे एका घरावर दोन हक्कदार. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट नावाचे कार्ड काढून वैयक्तिक संगणकाच्या अक्षरपडद्यावर भारतीय लिपी आणल्या, ते मोठे काम होते. पुढे युनिकोडने प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला आणि हक्काचा तंटा मिटला. पण घरांचा तंटा उरला. ‘क्षी’ लिहायला क, हलन्त, ष आणि दीर्घ वेलांटी असे चार क्रमांक लागतात. त्याला पडद्यावर किती घरे द्यायची? वेलांटीला एखादी प्रणाली एक घर देते, एखादी शून्य. आज्ञावलीने एक मोजले आणि टर्मिनलने दुसरे, की कर्सेसच्या दोन प्रतींचा मेळ तुटतो. नावापुढच्या रकमा एक-दोन घरे सरकतात आणि चौकटीची उजवी कड दातेरी दिसते. एखाद्या लक्ष्मीबाईंची शिल्लक रकमेच्या रकान्याबाहेर गेली तर दोष त्यांच्या नावाचा नव्हे. ज्यांनी घरे आखली त्यांच्या नजरेपुढे हे नाव नव्हते. हे स्थलांतर अद्यापि पुरे व्हायचे आहे, आणि ते पुरे करायला मराठी जाणणारीच माणसे लागतील.

श्रोत्यांपैकी पुष्कळजण कचेरीत, दुकानात, बँकेत, शाळेत काम करतात. त्यांच्यासमोर आज ना उद्या नवी प्रणाली येईल आणि कोणीतरी सांगेल की काही बदललेले नाही, सारे पूर्वीसारखेच आहे. आमचे सांगणे इतकेच की त्या वेळी यादी मागावी, आणि यादीत काय नाही तेही विचारावे. जुने यंत्र काही दिवस शेजारी चालू ठेवावे. आणि नव्याची परीक्षा आज्ञावली करणाऱ्याने आपल्या टेबलावर करून भागत नाही. ज्याची बोटे वीस वर्षे ते काम करीत आली आहेत त्याने, रांग समोर असताना, ती करावी. हात अडखळला तर प्रथम हाताला दोष देऊ नये.

त्या बाई पुढे सन्मानाने निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी त्यांनी नव्या रोखपाल मुलीला आपल्या खुर्चीवर बसवले आणि पहिली गोष्ट सांगितली ती अशी : “कळ दाबलीस आणि काही झालं नाही, तर पुन्हा दाबू नकोस. आधी मला नाहीतर युनियनच्या भाऊंना सांग.” त्यानंतर आमच्या प्रत्येक करारात एक कलम असते : यंत्र किंवा प्रणाली बदलल्यापासून तीन महिने कामाच्या वेगावरून वा चुकांवरून कोणासही नोटीस देता येणार नाही, आणि या काळात आलेली प्रत्येक तक्रार लिहून ठेवली जाईल. ते कलम आम्हांला एका सेकंदाने शिकवले.